पाहिलेल्या चित्रपटाची जबानी



ज्या व्यासपीठावरून आजवर इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय आणि राज्यघटना अशा भारदस्त विषयांचा ऊहापोह झाला, त्याच व्यासपीठावरून अलीकडे पाहिलेल्या काही चित्रपटांविषयी, आणि विशेषतः चित्रपट पाहून आल्यावर आपण त्याविषयी एकमेकांशी जे बोलतो त्या बोलण्याविषयी, चार शब्द सांगावे अशी इच्छा मी या व्याख्यानमालेच्या चालकांना कळविली, तेव्हा त्यांनी ती कोणतीही हरकत न घेता मंजूर केली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि त्यांच्या उदाहरणाने पुढे महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांना संध्याकाळी एकत्र जमून ऐकण्याची आणि घरी परतताना ऐकलेल्यावर वाद घालण्याची सवय लागली. आज यांपैकी दुसरी सवय, म्हणजे परतीच्या वाटेवरच्या वादाची, व्याख्यानापेक्षा चित्रपटाच्या वाट्याला अधिक येते, आणि म्हणून ती कशी जोपासावी याचा विचार अशा मालेत होणे मला अप्रस्तुत वाटत नाही. ज्यांच्या स्मृत्यर्थ ही माला चालते त्यांचा व्यवसाय वकिलीचा होता, आणि साक्षीदाराची जबानी पुरती ऐकून घेतल्यावाचून मत बनवू नये हा त्यांचा दंडक या गावाला परिचित आहे. माझे आजचे सारे म्हणणे त्या दंडकाच्या आश्रयानेच उभे आहे.

चित्रपटगृहाच्या पायऱ्या उतरताना, एस.टी.च्या थांब्यावर, कचेरीतल्या मधल्या सुट्टीत किंवा लग्नघरच्या पंगतीत एकाने दुसऱ्याला ‘कसा आहे हो तो सिनेमा?’ असे विचारावे, आणि दुसऱ्याने ‘बरा आहे’, ‘एकदा बघायला हरकत नाही’, ‘फार संथ आहे’, ‘पैसे वसूल’, ‘शेवट नाही पटला’ यांपैकी एखादे उत्तर देऊन मोकळे व्हावे, हा आपला नित्याचा व्यवहार आहे. हल्ली याच्याही पुढे जाऊन पाचांपैकी इतके तारे किंवा दहांपैकी इतके गुण असे आकडेही दिले जातात. या उत्तरांत काही वावगे नाही. पण ती सगळी उत्तरे शेऱ्याच्या जातीची आहेत. साहेबाने अर्जाच्या कोपऱ्यात मारलेला शेरा वाचून त्याने अर्ज वाचला होता की नाही हे जसे कळत नाही, तसे ‘बरा आहे’ एवढ्यावरून सांगणाऱ्याने काय पाहिले हे कळत नाही. जबानीची रीत निराळी आहे. जबानी देणाऱ्याला आपण कोठे उभे होतो, उजेड किती होता, आपल्या डोळ्यांनी काय पाहिले आणि दुसऱ्याच्या तोंडून काय ऐकले, हे वेगवेगळे सांगावे लागते. आणि त्याने ते प्रामाणिकपणे सांगितले, म्हणजे त्याच्या मताशी सहमत नसलेल्या माणसालाही त्या सांगण्याचा उपयोग होतो. चित्रपटाविषयी मत असावे, ते ठाम असावे, त्यासाठी भांडावे, हे सर्व मला मान्य आहे. माझा आग्रह इतकाच आहे की त्या मताबरोबर पाहिलेली वस्तूही ऐकणाऱ्याच्या हाती द्यावी.

अशी जबानी एकदा सरकारनेच मोठ्या प्रमाणावर घेतली होती. १९२७-२८ साली दिवाणबहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीने देशभर हिंडून साडेतीनशेच्या आसपास साक्षीदारांची तोंडी साक्ष नोंदविली, आणि ती पुढे चार खंडांत प्रसिद्ध झाली. त्या साक्षीदारांत चित्रपटगृहांचे मालक होते, सरकारी अंमलदार होते, शिक्षक होते, आणि ज्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवून या देशात कथापटाचा व्यवसाय उभा केला ते दादासाहेब फाळकेही होते. त्या दप्तरातील कितीतरी मते आज निरुपयोगी झाली आहेत. परदेशी चित्रपटांमुळे तरुणांची नीती बिघडते की नाही यावर तेव्हाच्या प्रतिष्ठितांनी जो उपदेश केला तो वाचवतही नाही. पण मूकपटाच्या काळात पडद्यावर अक्षरे उमटली की साक्षर प्रेक्षक ती मोठ्याने वाचीत आणि शेजारचे निरक्षर प्रेक्षक ती ऐकत, अशा प्रकारचा तपशील त्या काळाच्या कोणत्याही कागदात जिथे जिथे सापडतो तिथे तो कागद एकदम जिवंत होतो, कारण तिथे कोणीतरी आपल्या डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट सांगत असते. शंभर वर्षांनी आपल्या पिढीच्या चित्रपटविषयक बोलण्यातले काय शिल्लक राहील असा प्रश्न मला पडतो, तेव्हा ताऱ्यांचे आणि गुणांचे आकडे त्यात असतील असे मला वाटत नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरणांकडे वळतो. पायल कपाडिया यांचा ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’ हा चित्रपट २०२४ साली कान येथील महोत्सवात मुख्य स्पर्धेत दाखविला गेला, तीस वर्षांच्या खंडानंतर भारतीय चित्रपटाला तिथे प्रवेश मिळाला, आणि त्याने ग्रां प्री हा तेथील दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळविला. दिग्दर्शिका पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या, म्हणजे प्रभात कंपनीच्या जागेत १९६० साली सुरू झालेल्या संस्थेच्या विद्यार्थिनी. कथा मुंबईतल्या एका रुग्णालयातील तीन स्त्रियांची आहे. प्रभा आणि अनू या केरळातून आलेल्या दोन परिचारिका एका खोलीत राहतात. प्रभेचा नवरा लग्नानंतर लवकरच जर्मनीला गेला आणि त्याचे फोन हळूहळू बंद झाले. अनूचे एका मुसलमान तरुणावर प्रेम आहे. आणि छाया कदम यांनी साकारलेली पार्वती ही त्याच रुग्णालयात स्वयंपाक करणारी रत्नागिरीकडची विधवा, जिच्या खोलीच्या जागी बिल्डरला मनोरा उभारावयाचा आहे आणि जिच्याजवळ तिथे राहत असल्याचा एकही कागद नाही, कारण मरण पावलेल्या नवऱ्याने तो कोठे ठेवला हे तिला कधी सांगितलेच नाही.

या चित्रपटाविषयी मी अनेकांना विचारले आणि बहुतेकांकडून ‘छान आहे, पण संथ आहे’ हा शेरा मला मिळाला. पण दोघांनी मला जबानी दिली. माझ्या परिचयाच्या एक बाई महापालिकेच्या रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी पुरस्काराविषयी चकार शब्द काढला नाही. त्यांनी एकच प्रसंग सांगितला. लहान वयातच अनेक मुलांची आई झालेली एक स्त्री रुग्णालयात येते आणि अनू तिच्या हातात संततिनियमनाच्या गोळ्या गुपचूप ठेवते, तो प्रसंग. ‘चिठ्ठीवाचून गोळ्या द्यायच्या नसतात, हे मला चांगलं ठाऊक आहे,’ त्या म्हणाल्या, ‘आणि मीही दिल्या असत्या.’ मी तो प्रसंग पाहिला होता आणि अनूच्या खेळकर स्वभावाचा एक नमुना म्हणून मनात नोंदवून पुढे गेलो होतो. त्या बाईंच्या दोन वाक्यांनी त्या प्रसंगातली जोखीम मला दाखविली, आणि ती जोखीम दिसल्यावर अनू ही नुसती प्रेमात पडलेली मुलगी उरत नाही, नोकरी पणाला लावणारी माणूस होते.

दुसरी जबानी लालबागेत वाढलेल्या एका गृहस्थांची. त्यांचे वडील गिरणीत होते, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या घरात जे कामगार उतरले त्यांपैकी ते एक होते. पार्वतीकडे पाहताना या गृहस्थांना पदोपदी आपल्या घरच्या बायका आठवत होत्या. ‘नवरा काही सांगून गेला नाही, हे शंभर टक्के खरं,’ ते म्हणाले. ‘आमच्याकडे बायकांना नवऱ्याचा तिकीट नंबर माहीत नसायचा. मग गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली तेव्हा गेटपास शोध, फंडाची चिठ्ठी शोध, कार्ड शोध, असं वर्षानुवर्षं चाललं. पण ती पार्वती बिल्डरच्या फलकावर दगड मारते आणि गावी निघून जाते, ते मला खटकलं. आमच्या बायका अर्ज घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. त्या गेल्या नाहीत.’ ही हरकत मला महत्त्वाची वाटते. पडद्यावरची प्रत्येक पार्वती लढलीच पाहिजे असा नियम नाही, आणि एका स्त्रीने हरून गावी जाणे अशक्य कोटीतले नाही, हे मी त्यांना सांगितलेही. तरीही ज्या लोकांनी गिरण्यांच्या पट्ट्यात कागदांसाठी आयुष्य झिजविले त्यांच्या डोळ्यांनी पाहिले असता तो दगड आणि तो प्रवास यांच्यामध्ये काहीतरी गाळले गेले आहे असे वाटते, ही वस्तुस्थिती आहे, आणि कानच्या परीक्षकांना ती दिसण्याचा संभव नव्हता.

माझे स्वतःचे मत विचाराल तर चित्रपटाचा मुंबईतला भाग मला कोकणातल्या भागाहून श्रेष्ठ वाटतो. जर्मनीहून कोणी पाठविला याचा उल्लेख नसलेला भात शिजविण्याचा लाल कुकर घरी येतो, आणि एका रात्री प्रभा जमिनीवर बसून त्या यंत्राला मिठी मारते; या एका दृश्यात परगावी गेलेल्या नवऱ्याच्या बायकोचे जे दुःख आले आहे ते शब्दांत आणावयाचे तर पाने खर्ची पडतील, आणि तरीही त्यात कोठे आक्रोश नाही. कोकणात मात्र समुद्राने किनाऱ्यावर टाकलेला एक बुडालेला पुरुष प्रभा आपल्या श्वासाने जगविते, गावची एक म्हातारी त्याला तिचा नवरा समजते, आणि मग प्रभा त्याच्याशी तो नवराच असल्यासारखी बोलू लागते. तो प्रसंग स्वप्न आहे की सत्य याचा उलगडा दिग्दर्शिकेने जाणूनबुजून केलेला नाही. पुष्कळांना हा भाग काव्यमय वाटला. मला तिथे, कुकरच्या दृश्याने जे एका हालचालीत सांगितले होते ते पुन्हा संवादांतून समजावून दिल्यासारखे वाटले. या मतावर ज्यांना हरकत घ्यावयाची असेल त्यांच्या हाती मी दोन्ही दृश्ये दिली आहेत. त्यांनी ती शेजारी शेजारी ठेवून माझे म्हणणे खोडून काढावे.

‘संथ’ या शेऱ्याविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे, कारण गंभीर चित्रपटावर सर्वांत जास्त वेळा मारला जाणारा शेरा हाच. कोणते दृश्य तुम्हांस अधिक आखूड हवे होते, असा प्रतिप्रश्न केला की बहुधा उत्तर मिळत नाही. पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक सतीश बहादूर चित्रपटाचा आस्वाद शिकवीत, आणि त्यांची ख्याती अशी की सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ ते एकेक चित्रचौकट थांबवून, मागे नेऊन, पुन्हा दाखवून शिकवीत. श्यामला वनारसे यांनीही त्यांच्याबरोबर या कामाला वाहून घेतले. त्या अध्यापनाचे मर्म मला असे वाटते की त्याने विद्यार्थ्यांचे मत तहकूब ठेवले. आधी काय दिसते ते सांगा, मग काय ऐकू येते ते सांगा, आणि निवाड्याकडे नंतर वळा. मुंबईत १९६८ साली स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळाने आणि त्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या सुधीर नांदगावकर यांच्यासारख्यांनी हीच शिस्त मराठी प्रेक्षकापर्यंत नेली; ‘रूपवाणी’ या त्यांच्या नियतकालिकातून आणि खेळानंतरच्या चर्चांतून एक संपूर्ण पिढी चित्रपटावर बोलावयास शिकली. आज घरोघरी, हातातल्या यंत्रावरसुद्धा, जगातला उत्तमातला उत्तम चित्रपट उपलब्ध आहे. उणीव आहे ती खेळ संपल्यावरच्या त्या अर्ध्या तासाची.

चित्रपटगृहात पाहिल्याने आणखी एक गोष्ट साक्षीत जमा होते, ती म्हणजे इतर प्रेक्षक. नागराज मंजुळे यांच्या ‘फॅन्ड्री’त जब्या आणि त्याचे कुटुंबीय शाळेजवळ डुक्कर पकडत असतात, सारा गाव गंमत पाहत हसत असतो, आणि ऐन वेळी शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, ते सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर निसटून जाते. मी ज्या खेळाला होतो त्या खेळाला पाठलागाच्या आरंभी प्रेक्षागृहातही मोठा हशा उसळला होता, पडद्यावरच्या गावकऱ्यांच्या हशात मिसळून गेला होता, आणि मग तो एका रांगेत आधी, दुसऱ्या रांगेत नंतर, असा थांबत गेला. एकट्याने घरी पाहणाऱ्याला हे कळणार नाही, आणि त्या चित्रपटाविषयी बोलताना जो हे सांगत नाही त्याची साक्ष अपुरी राहते असे माझे मत आहे.

काही चित्रपट असे असतात की त्यांच्याविषयी कुटुंबात मोकळेपणाने बोलणेच कठीण जाते. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा त्यांपैकी एक. २०२५ साली सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातले ज्युरींचे प्रमुख पारितोषिक या मराठी चित्रपटाला मिळाले. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी येतो. नातेवाईक त्याच्या लग्नाचा विषय काढून त्याला हैराण करतात. आणि त्या घरात, विधी चालू असताना, बालपणीचा मित्र बाळ्या याच्याशी असलेली त्याची जवळीक प्रेमाच्या रूपाने पुन्हा उगवते. आईला आपला मुलगा कोण आहे हे पूर्वीच ठाऊक आहे, आणि ती त्याची ढाल होऊन उभी राहते. आमच्या ओळखीच्या एका घरी हा चित्रपट तीन पिढ्यांनी एकत्र बसून पाहिला. तरुण मंडळींनी दिग्दर्शनाची स्तुती केली, मधल्या पिढीने विषय टाळला, आणि त्या घरातले ऐंशीच्या घरातले आजोबा बराच वेळ गप्प बसून मग एवढेच म्हणाले, ‘आई फार समजूतदार दाखवली आहे. बापाच्या दहाव्यापर्यंत एवढं सगळं एकटीनं निभावलं तिनं.’ नातवाला वाटले, आजोबांनी मुख्य प्रश्नाला बगल दिली. मला तसे वाटत नाही. ज्या माणसाला दोन पुरुषांच्या प्रेमावर बोलण्यासाठी आयुष्यात कधी भाषा मिळाली नाही त्याने आपल्याला जे स्पष्ट दिसले ते, म्हणजे मुलाला सांभाळणारी आई, आपल्या शब्दांत सांगितली, आणि ती चांगली आहे असा निर्वाळा दिला. त्याहून मोठी संमती त्या दिवाणखान्यात त्या संध्याकाळी दुसऱ्या कोणी दिली नव्हती.

हा प्रसंग मी ऐकला तेव्हा मला १९३७ सालच्या ‘कुंकू’ची आठवण झाली. प्रभातच्या त्या चित्रपटात, जो ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांताराम बापूंनी काढला, कोवळ्या वयाच्या नीरेचे लग्न फसवणुकीने एका प्रौढ विधुर वकिलाशी लागते, आणि ती त्याला पती मानण्यास साफ नकार देते. शांता आपटे आणि केशवराव दाते यांची ती कामे. पार्श्वसंगीत सर्वस्वी वर्ज्य केल्यामुळे त्या घरातले घड्याळाचे टोले, दारांचे आवाज आणि पावलांचे आवाज मनावर आघात करतात, आणि म्हाताऱ्या नवऱ्याच्या उरलेल्या वयाची जाणीव संवादाच्या साहाय्याशिवाय होते. ज्या काळी घरोघरी अशी जरठकुमारी लग्ने प्रत्यक्ष झालेली होती, त्या काळी सासू, सून आणि नणंद एकत्र बसून हा चित्रपट पाहून आल्यावर घरी काय बोलल्या असतील, याचा विचार माझ्या मनात वारंवार येतो. त्यांच्यापैकीही कोणीतरी ‘शांता आपटेचं काम झकास आहे’ एवढेच म्हणून बाकीचे पोटात ठेवले असेल. अभिनयाची स्तुती ही अशा वेळी पुष्कळदा दुसऱ्याच कशाची तरी कबुली असते, आणि ऐकणाऱ्याने ती तशी ऐकावी.

न पाहिलेल्या चित्रपटावर मत देणाऱ्यांविषयी मला फार वेळ खर्च करावयाचा नाही. ऐकीव पुरावा सहसा ग्राह्य नसतो, हा नियम या देशाच्या कायद्यात दीर्घकाळ चालू आहे. चित्रपटाच्या बाबतीत तोच नियम पाळण्यास कोणाची आडकाठी असू नये. फिर्याद करावयाची तर आधी तिकीट काढावे.

शेवटी एका अशा चित्रपटाकडे येतो ज्याचा विषयच जबानी हा आहे, आणि जो मी अलीकडे पुन्हा एकदा सावकाश पाहिला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने २०१४ साली व्हेनिस येथे दोन पुरस्कार मिळविले, आणि पुढे सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळविले. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर असा आरोप आहे की त्याने वस्तीत गायिलेल्या गाण्यामुळे गटारात उतरून काम करणाऱ्या वासुदेव पवार या कामगाराने आत्महत्या केली. ती भूमिका वीरा साथीदार यांनी केली. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने त्यांना नेले, आणि आता तो चित्रपट पाहताना त्यांचा तो शांत, न झुकणारा चेहरा अधिकच काळजाला भिडतो. सरकारी वकील नूतन १८७६ सालच्या नाट्यप्रयोगविषयक कायद्यातला मजकूर एका सुरात वाचून दाखविते. पोलिसांचा पंच हा दुसऱ्याही खटल्यांत पंच म्हणून उभा राहिलेला माणूस निघतो. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईची सुनावणी न्यायाधीश त्या दिवशी घेत नाहीत. कॅमेरा दूर आणि स्थिर उभा असतो, एखाद्या कारकुनासारखा, ज्याला सर्व काही नोंदवावयाचे आहे.

या साऱ्यांत मला श्रेष्ठ वाटते ती मृत कामगाराच्या विधवेची साक्ष. ती रडत नाही, कोणावर आरोप करीत नाही. विचारलेल्या प्रश्नाला ती मोजके उत्तर देते, आणि त्या उत्तरांतून हळूहळू कळते की नवरा दारू पिऊन कामाला जाई, कारण तो वास दारूशिवाय सहन होत नसे. कामासाठी त्याला कोणतेही संरक्षक साधन दिलेले नव्हते. आत उतरण्यापूर्वी तो गटारात खडा टाकी आणि झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजे. आतल्या वायूने त्याचा एक डोळा गेला होता. आत्महत्येचा सगळा बनाव या साध्या तपशिलांपुढे कोसळतो. तिला आपले मत कोणी विचारलेले नाही आणि ती ते देतही नाही. पाहिलेले सांगितल्याने केवढे काम होते हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने ते दृश्य दोनदा पाहावे.

न्यायखात्यातून निवृत्त झालेल्या माझ्या एका स्नेह्यांशी या चित्रपटाच्या शेवटावरून माझा वाद झाला, आणि तो अद्याप मिटलेला नाही. सुट्टी लागते, कचेरी रिकामी होते, दिवे मालवले जातात, पडदा काळाभोर होतो. चित्रपट संपला असे वाटत असतानाच पुढे न्यायाधीश सदावर्ते सहलीच्या ठिकाणी दिसतात, तिथे एका गृहस्थाला मुलाच्या व्यंगावर नावातल्या अक्षरांचा आणि खड्याच्या अंगठीचा उपाय सुचवितात, बाकावर डुलकी घेतात, आणि मुलांनी ओरडून झोपमोड केली म्हणून एका मुलाच्या थोबाडीत मारतात. माझ्या स्नेह्यांची हरकत कायदेशीर होती. ‘दोन्ही बाजूंचा युक्तिवाद संपल्यावर दिग्दर्शकाने नवा पुरावा दाखल केला,’ ते म्हणाले, ‘आणि तोही न्यायासनावर नसलेल्या माणसाविरुद्ध. तिथं तो आजोबा आहे. आजोबांना कधी राग येत नाही का?’

माझे म्हणणे त्यांना असे होते की चित्रपटाने आरंभापासूनच प्रत्येकाला न्यायालयाबाहेर नेऊन दाखविले आहे. बचावाचे वकील व्होरा यांचे घर, त्यांची खरेदी, त्यांचे गाणे ऐकणे आपण पाहिले. नूतनचा लोकलचा प्रवास, मुलाला घरी आणणे, रात्रीचा स्वयंपाक, घरच्यांबरोबर पाहिलेले नाटक हे आपण पाहिले. न्यायाधीशांचे तेवढे बाहेरचे आयुष्य दाखवावयाचे राहिले होते. म्हणजे तो पुरावा नवा नव्हता, प्रलंबित होता. स्नेह्यांनी यावर क्षणभर विचार केला आणि मग विचारले, ‘असं असेल, तर तो अंधाराच्या आधी का दाखवला नाही? अंधार झाल्यावर माणूस जे पाहतो ते शिक्षेसारखं मनात राहतं. इतरांना ती शिक्षा नाही, ती एकट्या न्यायाधीशाला का?’ या प्रश्नाचे उत्तर मी दिले, ते त्यांना पटले नाही, आणि खरे सांगावयाचे तर त्यांचा प्रश्न माझ्या उत्तराहून चांगला आहे. आपल्यापैकी ज्यांनी ‘कोर्ट’ पाहिला आहे त्यांचे यावरचे म्हणणे मला ऐकावयाचे आहे. अध्यक्षमहाराजांनी त्यासाठी आभारप्रदर्शनापूर्वी अर्धा तास राखून ठेवण्याचे मान्य केले आहे, तेव्हा मी माझे भाषण इथेच थांबवून खाली बसतो.